काणी, कणीस आणि सोनाबाईंचे बैल

आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्या साली मी ज्वारी संशोधन केंद्रावर नवखा सहायक म्हणून उमरखेडला एस.टी.तून उतरलो. केंद्राचे प्रमुख नानासाहेब कुठे भेटतील म्हणून विचारले, तर लोकांनी ज्वारीचे शेत दाखवले. नानासाहेब धांडा चघळत उभे होते. मलाही एक दिला. म्हणाले, "चावा. ही साखर पानांत तयार होते आणि धांड्यातून कणसात जाते. तिथे काणीने गाठले, की दाण्याच्या जागी काळी भुकटी. आपले भांडण तिच्याशी."

हे भांडण त्यांनी विलक्षण चिकाटीने केले. काणीची भुकटी मुद्दाम बियाण्याला चोळून ते पेरीत आणि त्यातून निरोगी उरतील ती ताटे निवडीत. शेजारचे शेतकरी हळहळत, "साहेब, आपल्या हातानं रोग कायले पेरून राह्यले?"

माणसांवर त्यांची तितकीच माया. माझ्या पत्नीला विषमज्वर झाला, तेव्हा पांढरकवड्याहून औषध घेऊन ते मालाच्या ट्रकमध्ये बसून आले. आभार मानू लागलो, तर चक्क रागावले!

अखेर काणी न लागणारा वाण तयार झाला. नानासाहेबांची निवृत्ती जवळ आली होती; बियाणे वाटपाचा समारंभ ठरला. तत्पूर्वी त्यांनी त्या वाणाचे थोडे दाणे आणि कडबा महागावजवळच्या तांड्यावर शेती करणाऱ्या सोनाबाईंकडे नेला, बैल खातात का ते पाहायला. बैलांनी हुंगून मान फिरवली. सोनाबाई म्हणाल्या, "दाना झ्याक हाय साहेब, पन धांड्यात गोडीच नाही. माह्या बैलानं काय खावं?"

निवड करताना आम्ही सगळे कणसाकडेच पाहत राहिलो होतो. नानासाहेबांनी समारंभ रद्द केला. मी चिडलो, नोकरीभराच्या कष्टांचे चीज व्हायचे आणि ते बैलांनी अडवायचे? ते शांतपणे म्हणाले, "अहो, इथे माणूस आणि बैल एकाच पिकावर जगतात."

निवृत्तीनंतरही ते बिनपगारी शेतावर येतात. गावरान गोड ज्वारीशी त्यांनी त्या वाणाचा नवा संकर केला. यंदा बैलांनी कडबा फस्त केला, पण काही कणसांत काणी पुन्हा दिसली. साठी गाठलेले नानासाहेब हसले. "म्हणजे आणखी बरेच हंगाम लागणार," म्हणाले आणि निरोगी कणसे निवडू लागले.

म्हणून त्यांच्या साठीच्या निमित्ताने आम्हा सर्व सहकाऱ्यांचे मागणे थोडे स्वार्थाचेच आहे. नानासाहेबांची प्रकृती ठणठणीत राहो. हा वाण पुरा करण्याइतके हंगाम त्यांना मिळोत, आणि त्याची भाकरी खायला त्याहून पुष्कळ.