फूटभर उंच रिंग

कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, बास्केटबॉलमध्ये मला नेम धरून बॉल टाकणारेच आवडतात. धावणारे, अडवणारे, पास देणारे वाईट नसतात. मी स्वतः अडवणाऱ्यांतलीच, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. 'नुसते पॉइंट करते, बाकी काही करत नाही,' असं कोणी एखाद्या खेळाडूबद्दल म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अरे बाबा, मग खेळ तरी कशाचा आहे? बॉल त्या कड्यातून गेला पाहिजे, हाच ना?

परदेशातले एकेक नेमबाज मी मोबाइलवर जेवता जेवता पाहायचे. आई म्हणायची, "घास तोंडात जाऊन राह्यला का नाकात, ते पाह्य आधी." यवतमाळला एकदा बाहेरची बायकांची टीम आली होती. त्यात एक डावखुरी होती, वयानं माझ्या काकूएवढी, गुडघ्याला पट्टा बांधलेला. ती फारशी धावायचीच नाही. कोपऱ्यात उभी राहायची, बॉल हातात आला की टाकायची, आणि तो रिंगमध्ये पडायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागायची. काय ती ऐट! त्या दिवशी टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले होते.

पण या सगळ्यांच्या वरची नेमबाज मी आमच्या शाळेच्या मैदानावर पाहिली. ती माझी मैत्रीण. आमचं गाव बोरी अरबच्या बाजूला, आणि गावाला लागूनच तिचा तांडा. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, आईला 'याडी' म्हणायची, आमच्याशी वऱ्हाडी, आणि चिडली की दोन्ही एकदम. तिचा बॉल एवढा उंच जायचा की शाळेच्या टिनांवरची कबुतरं उडायची. वर जाऊन तो क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा आणि मग सरळ खाली, जाळीत. कडेला लागायचाच नाही. मी तिचे बॉल आणून द्यायचे आणि त्यातच मला धन्य वाटायचं.

तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं, "जिल्ह्याच्या टीममध्ये नाव आलं तं पुढं कॉलेजात जाऊन खेळ. नाही आलं तं बारावी झाली का बस झालं." त्यामुळे बारावीतली ती निवड चाचणी म्हणजे तिच्यासाठी शेवटची संधी होती.

यवतमाळच्या मैदानावर शेवटी प्रत्येकीला दहा फ्री थ्रो होते. मी आधी गेले. माझा हात कमजोर, गावी माझे बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून माझ्याच अंगावर यायचे. इथं दहातले सात आत गेले! मीच तोंड वासून पाहत राहिले. मग ती आली. पहिला बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून उडाला. दुसराही. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तिथंच. मागं बसलेली एक पोरगी म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळ्या खिदळल्या.

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमचं अंगण खरंच वाकडं होतं!

आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. तिच्यात नुसता रोवलेला खांब पुढच्या वर्षी झुकलाच म्हणून समजा. म्हणून गावात कुठलाही खांब रोवायचा तर बुडाशी मुरूम ठोकून, भोवती फूटभर उंच दगडी ओटा बांधायची रीत. शाळेच्या रिंगचा खांबही तसाच पक्का बसवला. वेल्डिंगवाल्यानं नियमाप्रमाणे बरोबर दहा फूट मोजले, पण मोजले ते ओट्यावरून. आम्ही उभ्या राहणार जमिनीवर, हे ना त्याच्या ध्यानात आलं ना आमच्या क्रीडा शिक्षकांच्या. आमची रिंग फूटभर जास्त उंच होती आणि आम्ही सगळ्या तिच्यावरच शिकलो. गावी कितीही उडी मारली तरी माझी बोटं जाळीला लागली नव्हती. त्या सकाळी इथं ती दोनदा लागली होती, आणि मला वाटलं होतं, वा, आज काय उडी बसून राह्यली माझी!

मी बाकावरून ओरडले, "एक पाऊल मांग सरक! रिंग खाली हाये इथली!"

तिनं वळून पाहिलं, एक पाऊल मागं सरकली आणि टाकला. जाळी फक्त हलली. पुढचाही तसाच.

निवडीचे सर उठले. "लाइन सोडून कुठं चालली? लाइनपाशी उभी राहा."

तिनं पायानं जमिनीवरचा अर्धा गोल दाखवला. लाइनीच्या मागं तो आखलेला असतोच, आणि त्याच्या आत कुठंही उभं राहून टाकलं तरी चालतं. "सर, मंग हा गोल कायले काढला?"

सगळ्या पुन्हा हसल्या, पण आता सरांवर. ते त्यांना झोंबलं. तिचे उरलेले तीनही बॉल आत गेले. सलग पाच. सरांनी वहीकडे पाहत म्हटलं, "शॉट गावठी आहे. मोडून पुन्हा शिकवावा लागेल. एवढा वेळ नाही." यादी वाचली तेव्हा माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

माझ्या नाकावर राग. मी उभी राहून सगळ्यांदेखत म्हटलं, "मग माझंही काढा. मले तिच्याइतकं येत नाही." आमच्या क्रीडा शिक्षकांनी माझं बखोट धरून मला बाहेर नेलं.

मला वाटलं होतं, ती माझ्या गळ्यात पडेल. कसलं काय! एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग एकदम फुटली.

"तुले कोणं सांगतलं होतं व पुढारपण करायले?"

"तुह्यासाठीच केलं ना..."

"माह्यासाठी? आता दोघीही घरी. हे माह्यासाठी का?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेलाच. "घरी याडीले काय सांगू? मी तं गेलीच, इलेही संगं बुडवली म्हणून?"

मागच्या सीटवरून आमचे शिक्षक म्हणाले, "नाव अजून आहे. मी सांगितलं, पोरीचं डोकं गरम आहे, उद्या थंड होईल."

"ते जाईन सर," ती माझ्याकडे न पाहताच माझ्या वतीनं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् तिथं गोलाच्या मांगच्या कडेवर उभी राहून टाकशीन. मी शिकवतो तुले कसं टाकायचं ते."

आठ दिवस तिनं मला त्या उंच रिंगखाली घाम फोडला. बॉल खाली राहिला की ओरडायची, "वर! आभाळात पाह्य, रिंगकडे काय पाह्यतं?" माझे खांदे असे भरून आले की वेणी घालता येईना, आईनं घालून दिली. दुसऱ्या पोरी असत्या तर जळल्या असत्या. ती माझा एक बॉल पडला की स्वतःचा पडल्यासारखी उडी मारायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अमरावतीच्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन पॉइंटांनी मागं होतो. मला दोन फ्री थ्रो मिळाले. मी लाइनीपाशी गेले आणि एक पाऊल मागं सरकले. निवडीचे तेच सर आता आमचे कोच होते. ते बाकावरून ओरडले, "पुढं ये! लाइनवर ये!"

मी गेले नाही. पहिला बॉल आभाळात टाकला. तो वर थांबला, तिचा थांबायचा तसाच, आणि जाळीत पडला. सर अजून ओरडत होते. मी तिथूनच दुसरा टाकला. तो कडेला लागून बाहेर गेला. मॅच आम्ही एका पॉइंटनं हरलो.

सगळ्या टीमसमोर, समोरच्या टीमसमोर, सरांनी मला उभं केलं. "हे थेर कोणी शिकवले तुला?"

मी तिचं नाव सांगितलं. मग तिच्या बापाचं, मग तांड्याचं, मग गावाचं. मैदानाच्या पलीकडच्या कडेला बसलेल्या पोरी वळून पाहू लागल्या.

"ओरडू नको," सर म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्याहून मोठ्यानं.