पाठ करा रे सगळे

आधी काकूंचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. जालन्यात मला माणसात आणलं ते काकूंनी. त्यांचं खरं नाव इथं लिहिलं तर त्या माझा कान धरतील, म्हणून नुसतं काकूच.

“घाबरलंय ते, वाईट न्हाई.” हे काकूंचं वाक्य. बोटाला कडकडून चावलेल्या मुंगसाबद्दल तेच, फणा काढून उभ्या राहिलेल्या नागाबद्दल तेच, आणि फाटकाबाहेरूनच ओरडून मीटरचं रीडिंग विचारणाऱ्या माणसाबद्दलही तेच. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल, ज्याला जगात वाईट काही दिसतच नाही. मी मात्र उलटा. मी मुळातच भित्रा. गाडी पुलावर आली की मी मनातल्या मनात आधी पूल पाडतो, मग देवाचं नाव घेतो.

मी कोकणातला, कुडाळच्या पुढचा. आठवीत शाळा सुटली ती सुटली. पुढं मिशा आल्या, लग्नाचं वय होत आलं, तेव्हा एका गाववाल्याच्या ओळखीनं जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागलो. तिथं लालभडक सळ्या सळसळत अंगावर आल्यासारख्या यायच्या. इतर लोक त्यांच्याशेजारी उभे राहून तंबाखू मळायचे. मी खांबामागं जाऊन उभा राहायचो. काम सोडलं. पण गावाला जाणार कसा? आईनं सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं, मुलगा कंपनीत आहे. म्हणून जालन्याच्या स्टँडवर येऊन बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या, मी एकाही पाटीकडं बघत नव्हतो.

मंठ्याच्या गाडीतून एक बाई उतरल्या. साडीवर पुरुषाचा शर्ट, काखेत दोन पिशव्या, हातात सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“धर.”

मी धरलं. खोकं हललं.

“काय आहे यात?”

“घोरपड. घाबरलीय ती, वाईट न्हाई.”

मी जो किंचाळलो, तो चहावाल्याच्या हातातला ग्लास हिंदकळला आणि कंडक्टरनं सुटलेली गाडी थांबवली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वरडलास, पण सोडलं न्हाईस. चल.”

कुठं, कशाला, काही नाही. एवढीच माझी मुलाखत.

मंठा रोडला काकूंची थोडी शेती, विहीर आणि एक जुनं गोदाम. पूर्वी कधीतरी त्या विहिरीत काळविटाचं पाडस पडलं. काकूंनी ते काढलं, पाय बांधला, बरं करून माळावर सोडलं. झालं. तेव्हापासून आसपासच्या गावांत काहीही जखमी सापडलं की लोक म्हणायचे, काकूंकडं टाका. पुढं वनखात्याचा कागद झाला, गोदामाचं केंद्र झालं, जनावरांचे डॉक्टर येऊ लागले. बाकी सगळा कारभार येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हौसेवर. रविवारी कॉलेजची पोरं पिंजरे धुवायला यायची. एक रिटायर गुरुजी रोज यायचे. घरी सून टीव्ही लावते म्हणून येतो, असं सांगायचे, पण कोल्ह्याच्या जखमेतले किडे काढताना त्यांच्या कपाळाला आठी नसायची.

पहिल्याच दिवशी काकूंनी कायदा सांगितला. “हितं कुणाचं नाव ठेवायचं न्हाई. लाड करायचा न्हाई. बरं झालं की जायचं. हे घर न्हाई, दवाखाना हाय.”

बरं झालं की जायचं, हे मला धरून की मला सोडून? विचारायची छाती झाली नाही. गोदामाच्या कोपऱ्यात मला खाट मिळाली होती. दोन्ही वेळा काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी मिळत होती. इथून मला कुणी काढू नये, एवढंच माझं देवाकडं मागणं. म्हणून मी आपला एक मार्ग काढला. फार बरं दिसायचं नाही. कुणी “कसा हायस?” विचारलं की जरा खोकायचो.

आईला फोन केला तर ती म्हणाली, “घोरपडी सांभाळूक जालन्याक कित्याक गेलंस रे? हंय आपल्या मांगरात काय कमी आसत?” मांगर म्हणजे आमच्याकडचा गोठा.

एकदा जुन्या जालन्यातल्या धान्याच्या एका शेठजींचा फोन आला. गोदामाचं छप्पर बदलायला काढलंय आणि आत नाग फुसफुसतायत, एक नाही, पुष्कळ. हमाल पळून गेलेत. आम्ही साप धरायची आकडी आणि पोतं घेऊन गेलो. मी पोतं धरलं होतं, म्हणजे पोत्यामागं लपलो होतो. काकूंनी फुसफुस ऐकली, शिडी लावली, एक फळी बाजूला केली. आत तीन पिल्लं. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी अंगं आणि पत्त्यातल्या बदामासारखी तोंडं. गव्हाणी घुबडाची पिल्लं घाबरली की नागासारखीच फुसफुसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

“घुबड?” शेठजी चार पावलं मागं गेले. “राम राम! इससे तो नाग अच्छा था.”

“शेठ,” काकू शिडीवरूनच म्हणाल्या, “लक्ष्मी कशावर बसून येती?”

शेठजींचा हात कपाळाला गेला.

“तिच्या तीन गाड्या तुमच्या दारात लागल्या होत्या, अन् तुम्ही छप्पर काढून राह्यले.”

शेठजींचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, “वापस रख दो ना.” पण ठेवणार कुठं? वर आभाळ होतं. आईबापही फिरकेनात. पिल्लं आमच्याकडं आली.

लक्ष्मीच्या गाड्यांना खायला उंदीर लागतात. शेठजींनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं. मी रोज सकाळी दूधवाल्यासारखा बरणी घेऊन दुकानोदुकानी फिरायचो.

“औषधाचे नको हां शेठ, पिंजऱ्यातलेच द्या.”

“अरे, पिंजरे का ही है. देख, एकदम ताजा माल.”

एकानं तर मोठा उंदीर मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवला होता. इतक्या मानानं मला कारखान्यात कुणी काही दिलं नव्हतं.

आता खरी अडचण ऐका. पिल्लानं भरवणाऱ्या माणसाचं तोंड बघितलं, आवाज ऐकला, की ते माणसालाच आई समजतं. मग ते रानात जात नाही. जन्माचं पिंजऱ्यात. काकूंना हे सगळ्यात भयंकर वाटायचं. म्हणून भरवताना अंगावरून डोक्यावरून पांढरी चादर, डोळ्यांपुढं दोन भोकं आणि तोंडातून शब्द नाही. आम्हाला ते जमलं. काकूंना जमेना. त्या झोपेतही बोलतात असं गुरुजी म्हणायचे. शेवटी त्या पदराचा बोळा करून तोंडात कोंबायच्या, पिल्लांना भरवायच्या आणि बाहेर आल्या की पाण्याच्या टाकीमागं जाऊन साठलेलं सगळं टाकीला सांगायच्या.

आमच्या पांढऱ्या चादरी संध्याकाळी रस्त्यावरून दिसायच्या. आठवडाभरात फाटकापाशी हळदकुंकू लावलेलं लिंबू आलं, मग नारळ, मग रोजच. काकूंनी लिंबाचं सरबत केलं, नारळाची चटणी वाटली.

“काकू,” मी म्हणालो, “उताऱ्याचा नारळ खातात होय?”

“घाबरलेत लोक, वाईट न्हाईत. खा.”

पिल्लं मोठी झाली, पिंजऱ्यात या टोकावरून त्या टोकाला उडायला लागली. जाफराबादकडच्या एका आबांच्या मळ्यात उंदरांचा सुळसुळाट होता आणि कडब्याची रिकामी शेड होती. आबांनी स्वतः येऊन घुबडं मागितली. दिवस ठरला. दिवेलागणीला आम्ही पिल्लांची पेटी मळ्यात ठेवली. आबा पाहुण्यासारखे नटून आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढराशुभ्र पटका.

काकूंची सोडायची एक रीत आहे. पेटीचं दार उघडलं की त्या म्हणतात, “पाठ करा रे सगळे.” मग सगळ्यांनी पेटीकडं पाठ करायची, बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. का? तर, “माघारी बघितलं की पाय निघत न्हाई. त्याचा न्हाई तर आपला.”

आम्ही ओळीनं पाठ करून उभे राहिलो. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही. काहीच कळत नव्हतं. एवढ्यात शेजारून आबांचा बारीक आवाज आला.

“कोण हाय रं डोक्यावर?”

बोलायची बंदी. कुणी बोलेना. मी तिरक्या डोळ्यानं बघितलं. आबांच्या पटक्यावर एक घुबड बसलं होतं. अगदी सवयीनं, जेवायला पाटावर बसावं तसं.

“गुरुजी, कोण हाय?”

गुरुजींनी दोन्ही हात हलवून पंख करून दाखवले. पण आबांची मान वळेना. मग दुसरं घुबड आलं, ते खांद्यावर. तिसऱ्याला जागा मिळेना म्हणून त्यानं आबांच्या कानाशी फडफडून नागासारखा फुत्कार सोडला.

“नाग!” आबा दगड झाले.

काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता. शेवटी त्यांनी तोंडातला बोळा ओढून काढला. “आबा, बिलकुल हलू नका. घाबरलंय ते...”

“ते न्हाई वो, मी घाबरलो हाय!”

आम्ही माणसाचं तोंड लपवलं, आवाज लपवला. पण पिल्लांनी चादरीलाच आई मानलं होतं, आणि आबा नखशिखांत चादर होते.

पेटी मांडीवर घेऊन आम्ही परत निघालो. तिन्ही पिल्लं पेटीत परत. ती अशीच राहिली तर जन्मभर पिंजऱ्यात. काकू एवढंच म्हणाल्या, “त्यांची चूक न्हाई. आपण तोंडं झाकली, पण उभे तिथंच राह्यलो.”

दुसऱ्या दिवसापासून चादरी बंद, आम्हीही बंद. भिंतीतून एक पाइप घातला आणि त्यातून जिवंत उंदीर पिंजऱ्यातल्या गवतात सोडायचा. धरलात तर जेवा. पहिले काही दिवस पिल्लं दाराकडं बघत उपाशी बसली. काकूही जेवल्या नाहीत. मग एका सकाळी गवतात झडप घातल्याच्या खुणा दिसल्या आणि काकूंनी टाकीमागं जाऊन टाकीला एवढं सांगितलं, एवढं सांगितलं, की गुरुजींचा चहा शेवटी मलाच करावा लागला.

पुन्हा आबांच्या मळ्यात गेलो. या खेपेला आबा डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन आले होते. “पाठ करा रे सगळे.” आम्ही उभे राहिलो. चांदण्या आल्या. कुणाच्याही डोक्यावर कुणी आलं नाही. काकूंनी वळून बघितलं. पेटी रिकामी.

“गेली,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ए कोकणी, तू बी बरा दिसून राह्यलास.”

मी लगेच खोकलो. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी माझं ताट नव्हतं. “पीठ डब्यात हाय, चूल तिकडं.” माझी पहिली भाकरी कोल्ह्यानंही हुंगून सोडली. मग गुरुजींनी मला केंद्राची जीप शिकवायला घेतली. मग लायसन काढायला एकट्याला धाडलं. आरटीओच्या साहेबांपुढं मी आधी देवाचं नाव घेतलं, पण लायसन घेऊन आलो. काकू माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. पीठ पाइपमधून आलं नाही, एवढंच. बाकी सगळं घुबडांचंच.

एक दिवस मीच रडकुंडीला येऊन म्हणालो, “काकू, मला इथंच राहू द्या. बाहेर मला जमत नाही. मी भितो.”

“मंग? भितोस म्हणूनच सोडून राह्यले. आबांची जीप हाय जाफराबाद लाइनला, उतारू नेती. त्यांचे आधीचे दोन ड्रायव्हर लई धीट होते, दोघांनीबी गाडी नाल्यात घातली. तुझ्याहून भित्रा ड्रायव्हर त्यांना सगळ्या जिल्ह्यात भेटायचा न्हाई.”

माझ्या भित्रेपणाची किंमत कुणीतरी करतंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

जायच्या दिवशी आबांची जीप फाटकाबाहेर उभी होती. मला वाटलं होतं, काकू काहीतरी सांगतील, निदान हात हलवतील. मी स्टिअरिंगवर बसलो आणि मागून आवाज आला, “पाठ करा रे सगळे.”

आरशात बघितलं. गुरुजी, कॉलेजची पोरं आणि मध्ये काकू, सगळे माझ्याकडं पाठ करून ओळीनं उभे. काकूंचे खांदे हलत होते. पदर जागेवर नव्हता. तोंडात बोळा असणार. गेलो. पाय निघाला म्हणजे काय, तर क्लचवरून एकदाचा निघाला.

आता जालना ते जाफराबाद शटल मारतो. उतारू म्हणतात, बैलगाडी बरी. पण त्यांच्या बायका-पोरांना ते माझ्याच गाडीत बसवून देतात. वाटेत घार पडलेली दिसली, मुंगूस दिसलं, की गाडी थांबवतो, खोक्यात घालतो आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला म्हणतो, “धरा.” तो ओरडतो. मी म्हणतो, “घाबरलंय ते, वाईट न्हाई.” केंद्रावर काकू खोकं घेतात, मला चहा देतात आणि चहा संपला की म्हणतात, “जा आता, लाइन चुकंल.”

आई फोनवर म्हणते, “त्या काकूक घेवन ये रे. माशाचा सार करून घालतंय.” मी काकूंना सांगितलं. आधी तर डोळे चमकले. समुद्र केवढा असतो, पलीकडचा काठ दिसतो का, विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “अन् हितं कोण बघंल?” केंद्र सुरू झाल्यापासून ही बाई एक रात्र कुठं मुक्कामाला गेलेली नाही. लेकीकडंसुद्धा नाही.

मी बघीन काकू. हे इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. एक दिवस आबांकडून रजा घेईन, तुम्हाला कोकणाच्या गाडीत बसवून देईन आणि तुम्ही समुद्र बघून पोटभर बोलून येईपर्यंत केंद्र सांभाळीन. मला सारखी धास्ती वाटेल, पण खोकं सोडणार नाही. तुमची गाडी सुटेल तेव्हा गुरुजींना शेजारी उभं करीन आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहीन. बोळा आत्ताच शिवून ठेवलाय.