गजरा आक्काचा पत्रा

गजरा आक्का दुपारी कधी आडवी झाली नाही. गाव जेवून सुस्तावलं की ती अंगणात यायची, पदर पुढे ओढायची आणि रॉकेलच्या डब्याचा पत्रा बोटाने जरासा कलता करायची. घरात जायची, थोड्या वेळाने पुन्हा बाहेर. “ऊन कोन्ही वाट नही दखस, भाऊ,” म्हणायची.

मी सहावीतून शाळा सोडलेला कोकणातला शिंपी. पोटामागे हिंडत तापीकाठच्या त्या गावात पोचलो होतो. भिका आप्पांच्या पडवीत माझं मशीन होतं आणि जेवणही त्यांच्याकडेच. आक्का म्हणजे त्यांची थोरली वहिनी, विधवा. आप्पांची मर्जी गेली की मशीन रस्त्यावर, या धास्तीत माझे दिवस जात. तापाने पडलो तेव्हा आक्काने ‘तुमनाकडे काय देतस आजारीले?’ असं विचारून मला पेज करून घातली होती. ते मी विसरलेलो नाही.

आप्पांनी आक्काच्या नवऱ्याची बैलजोडी तिला न विचारता विकली. पुढे नदीकाठच्या तिच्या मळ्याचं गिऱ्हाईक बघायला लागले. आक्काने भर जेवणात विचारलं. आप्पा म्हणाले, “मन्ही चूलवरनं खास ना? मंग गुपचूप खाय.”

आक्काने ताट सारलं. त्या चुलीवरचं अन्न ती पुन्हा जेवली नाही.

पण एकत्र घरात दुसरी चूल मांडायची म्हणजे घर फोडलं. आणि घर फोडणाऱ्या विधवेला माहेरची वाट, मळ्यात वाटा नाही. आप्पा तिने चूल पेटवण्याचीच वाट बघत होते. आक्का भिजवलेले हरभरे, गूळ, केळी खाऊन राहिली. गालफडं बसली, मान काही खाली गेली नाही.

मग तिला नंदुरबारचं शेतकी प्रदर्शन आठवलं. नवऱ्याबरोबर गेली असताना तिथे उन्हावर भात शिजवताना पाहिला होता. तिने चहाचं खोकं घेतलं, आत सरकीचा कापूस ठासला, शिजवायच्या डब्याला कंदिलाची काजळी फासली. वर काच हवी म्हणून नवऱ्याच्या मोठ्या फोटोची काढली. मी चरकलो. ती म्हणाली, “तेस्ले आते काचनं काय काम? भूक मले लागेल शे.”

तांदूळ फुगले, शिजले नाहीत. ऊन कमी पडत होतं. दुसऱ्या दिवशी ती रॉकेलचा रिकामा डबा घेऊन माझ्यापुढे हात पसरून उभी. “तुन्ही कातर दे.”

“आक्का, पत्रा कापला तर धार जाईल. आणि आप्पा...”

“धार लावता येस. मन्हं पोट कोठे लाऊ?”

कातर दिली. तिने डबा उभा चिरला, ठोकून सपाट केला, चिंचेने घासून लखलखीत केला आणि खोक्याच्या झाकणाला सुतळीने बांधला. पहिला कवडसा निंबाच्या शेंड्यावर गेला, दुसरा थेट ओट्यावर बसलेल्या आप्पांच्या तोंडावर.

“डोया फुटतीन मन्हा!”

“मंग तोंड फिराई बस.”

सुतळी ओढत ओढत तिने कवडसा खाली आणला, काचेवर टेकवला. दुपार कलताना काच उचलली तर खिचडीची वाफ. भाकरी मात्र त्यात कधी झाली नाही. भाकरीवाचून ती तशीच राहिली.

आप्पांनी पंच बोलावले. “इनी चूल मांडी,” म्हणाले.

“राख दखाडा,” आक्का म्हणाली. “धूर दखाडा. लाकूड दखाडा.”

पंचांनी अंगण धुंडाळलं. एका म्हाताऱ्याने खोक्यातल्या डब्याला हात लावला आणि चटका बसून बोट तोंडात घातलं. सगळे हसले, आप्पा सोडून.

“हाई ऊन मन्हा अंगणमा पडस!” ते ओरडले.

“ऊन बी तुन्हा सातबारावर चढेल शे का?”

“कातर कोन्ही व्हती?” आप्पांनी एकदम विचारलं. आक्का सुतळीची गाठ आवळू लागली. माझं नाव ती घेणार नाही हे मला कळलं, आणि म्हणूनच मला बसवेना.

“माझी,” मी म्हणालो.

आप्पांनी पडवीतल्या माझ्या मशीनकडे पाहिलं. पंचांनी मात्र निकाल दिला: राख नाही तर चूल नाही, चूल नाही तर घर फुटलेलं नाही. मळा तिला विचारल्याशिवाय विकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांची बायको डाळीचं पातेलं घेऊन अंगणात आली. आक्कापाशी उकिडवी बसली. “आक्का, मन्हं बी ठेव. धूरथीन डोया गयात मन्हा.”

आक्का खोक्यातला आपला डबा सरकवून जागा करू लागली. ओट्यावर आप्पा बसलेले. त्या दुपारी घरातली चूल पेटलीच नाही. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. बायकोने मागे वळून न बघता सांगितलं, “थांबा. अजून ऊन शे.”