अस्की बाहेर आले

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ वळत नाही. इथे लिहिते आहे ते एवढ्याचसाठी, की कुणाला एखादं साधं कारण सुचलं तर मला हवं आहे.

आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागे. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नोकरी पापनाशमच्या वाटेवरच्या वीज केंद्रात... तिथे कोळशाबरोबर पेंढा आणि भुईमुगाची टरफलंही जाळतात. मी फ्यूल यार्डची शिफ्ट इन्चार्ज. प्लांटमध्ये मराठी येणारी मी एकटी.

गेल्या पावसाळ्यात, सकाळी अकराला, ओला पेंढा हॉपरमध्ये अडकला. हॉपर म्हणजे मोठं लोखंडी नरसाळं. खाली बेल्ट, बेल्टच्या पुढे कटर. बेल्टच्या स्विचला मी कुलूप घातलं. मुरुगेसन आणि त्याचा जोडीदार कोयते घेऊन आत उतरले. नियम एकच — वर आल्यावर त्यांनी हॉपरजवळच्या फोनवरून स्वतः सांगायचं, मगच मी कुलूप काढायचं.

पंधरा मिनिटांनी फोन वाजला.

"अक्का, अस्की बाहेर आले. बेल्ट सोडा."

"बरं बरं, सोडते," मी म्हणाले. कुलूप काढलं, ऑपरेटर सेल्वीला खूण केली. तिने बटणावर बोट ठेवलं आणि हसून तमिळमध्ये म्हणाली, "काय मॅडम, घरचा फोन? आज सांबार तुमच्या साहेबांनी करपवलं वाटतं?"

"घरचा कुठला? मुरुगेसन होता."

"मुरुगेसन तुमची मराठी कधी शिकला?"

फोनवरचं वाक्य मी मनात पुन्हा म्हटलं. अस्की, म्हणजे सगळे... हा शब्द आमच्या घरांतला. मुरुगेसनला तमिळखेरीज अक्षर येत नाही.

"हात काढ!" मी ओरडले. कुलूप परत घातलं आणि धावत सुटले.

दोघंही आतच होते. कमरेपर्यंत पेंढ्यात.

मुरुगेसनने वर पाहिलं. "अजून दहा मिनिटं, मॅडम. कसली घाई?"

"फोन कुणी केला?"

"फोन वर, आम्ही खाली. चेष्टा करता का?"

फोन शिडीच्या वरच्या टोकाला आहे. हॉपरवर चढायची शिडी एकच, आणि ती माझ्या कंट्रोल रूमच्या खिडकीसमोर. कुणी चढलं नव्हतं. लाइन तपासून घेतली — ठीक. कुणी खोडी काढली म्हणावं, तर त्याला ही भाषा यायला नको?

आता आत उतरलेल्यांची तोंडं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुलूप काढत नाही. मॅनेजर कुरकुरतात. कुरकुरू देत.

नवरा विचारतो, आवाज ओळखीचा होता का? नव्हता. बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येत नाही. पण त्याने घरच्या भाषेत 'अक्का' म्हटलं आणि मी दोन जिवांचं कुलूप काढून मोकळी झाले... 'कोण बोलतंय?' एवढंसुद्धा विचारलं नाही.