‘लेट’चा दुसरा अर्थ

कोर्टाच्या भाषांतर विभागात त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागे डिक्शनरी म्हणायचे. दुसरं नाव त्याला जास्त आवडायचं, पण ते आपल्या कानावर आलंच नाही असा आव तो आणायचा. मी त्याचा टायपिस्ट. सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्याची भाषांतरं टाइप केली आणि त्याचे टोमणे मुकाट्याने गिळले.

जुनी इंग्रजी मृत्युपत्रं, करार, खरेदीखतं आमच्याकडे यायची आणि डिक्शनरी ती मराठीत करायचा. काम चोख होतं, हे मी त्याचा वैरी असतो तरी कबूल केलं असतं. पण चोख माणसाला दुसऱ्याच्या चुका दिसायची सवय लागते, आणि मग नसलेल्याही दिसायला लागतात. वकिलांचं इंग्रजी तो झेरॉक्सवर लाल पेन्सिलीने सुधारायचा. मेलेल्या वकिलांचंसुद्धा.

अकरा वर्षांपूर्वी असंच एक मृत्युपत्र आलं. नवरा सोडून माहेरी आलेली एक बाई बापाच्या घरात मागच्या दोन खोल्यांत राहायची, शिवणकाम करायची. बाप नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होता, त्याचं सगळं तिनेच केलं. बाप गेला आणि महिन्याभरात भावाने तिला बाहेर काढण्यासाठी दावा लावला. मृत्युपत्र बापाच्या तरुणपणीच्या दोस्ताने, एका म्हाताऱ्या वकिलाने, आजोबांच्या काळातल्या इंग्रजीत लिहिलं होतं. सगळा दावा त्यातल्या एका वाक्यावर अडला होता. ‘माझा मुलगा’ पुढे काय, तर ‘शॅल नॉट लेट माय डॉटर फ्रॉम ड्वेलिंग इन दीज रूम्स’.

डिक्शनरीने लिहिलं, ‘माझ्या मुलाने माझ्या मुलीला या खोल्यांत राहू देऊ नये.’

टाइप करताना मी थांबलो. लेट म्हणजे करू देणे हे मलाही येत होतं, पण मग ते ‘फ्रॉम’ मध्येच कशाला? मी विचारलं.

“म्हाताऱ्या वकिलाला डुलकी लागली असेल,” तो म्हणाला. “तू टाइप कर. डोकं चालवायला सरकार मला पगार देतं.”

लाल पेन्सिलीने त्याने ‘फ्रॉम’वर काट मारली. मी टाइप केलं. खाली त्याची सही, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

बाईंचा वकील मूळ कागद उघडूनही न बघणाऱ्यांपैकी होता. निकाल लागला त्या दिवशी बाई आमच्या खोलीत आल्या. बाबा असं लिहिणार नाहीत, पुन्हा बघा, एवढंच त्या म्हणत होत्या. डिक्शनरीने चष्मा पुसला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की कागदाला माया नसते. बाई गेल्या. मला वाईट वाटलं आणि दुपारचा डबाही गोड लागला, दोन्ही खरं आहे.

दहा वर्षं काही झालं नाही. मग डिक्शनरीच्या मुलीला परदेशात नोकरी लागली. तिचा नवाकोरा पासपोर्ट तो मिरवायला ऑफिसात घेऊन आला. आतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवत होता. या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं, ‘विदाउट लेट ऑर हिन्ड्रन्स’. तिथे तो थांबला. पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. त्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी तो लायब्ररीतला जाडजूड कोश काखेत मारून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला शेजारी बसवून समजावलं. ‘लेट’ ही दोन क्रियापदं आहेत. नाती वेगळी, उच्चारही एके काळी वेगळे. घासून घासून दोन्ही एकसारखी झाली. एकाच्या मुळाशी सोडणं आहे, त्याचा अर्थ करू देणे, होऊ देणे. दुसऱ्याच्या मुळाशी मंद, उशिराचा असा शब्द आहे. ट्रेन लेट आहे म्हणतो ना, त्याच घरातला. त्याचा अर्थ उशीर करायला लावणे, खोळंबा करणे, अडवणे. तो ‘लेट’ केव्हाच म्हातारा होऊन मेला, फक्त वकिलांच्या कागदांत आणि पासपोर्टात उरला. आणि त्याच्या मागून ‘फ्रॉम’ येतो.

म्हणजे बापाने लिहिलं होतं, माझ्या मुलाने माझ्या मुलीला इथे राहण्यापासून अडवू नये.

ध चा मा करणाऱ्याला निदान अक्षर तरी बदलावं लागतं. आमच्या डिक्शनरीने अक्षर तेच ठेवून बाईला घराबाहेर काढलं होतं.

तो बाईंना शोधायला निघाला, मला बरोबर घेऊन. एका इस्त्रीच्या दुकानामागे त्यांची खोली होती. एक खाट, एक मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. डिक्शनरीने उभ्याउभ्याच, शब्दाची फोड न करता, ते वाक्य खऱ्या अर्थाने मराठीत वाचून दाखवलं. बाईंनी पाय मशीनच्या पायट्यावरून काढला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं.

“म्हणजे बाबांनी मला काढलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षं मी त्यांना शिव्या घालतेय.”

घराचं त्यांनी विचारलंही नाही. ते विकून, पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली होती. त्यांना एकच हवं होतं. हे सगळं कागदावर, सहीनिशी. दादा इतकी वर्षं गावभर सांगत फिरला की बापालाच ती नको होती. त्याच्या हातात तो कागद द्यायचा आणि त्याला मोठ्याने वाचायला लावायचं. आता तो अर्धांगाने पडलाय, पण वाचता येतं त्याला.

डिक्शनरी म्हणाला, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या अधीक्षकांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी त्याला आत बोलावलं. तोंडी सांगितलंस ते ठीक, लेखी दिलंस तर चौकशी लागेल, निवृत्तीला सात महिने राहिलेत, तेवढे काढ की. डिक्शनरी बाहेर येऊन टेबल आवरत बसला. मी म्हणालो, तुम्ही लिहा, मी टाइप करतो. तो म्हणाला, बघू. सात महिने तो बघत राहिला. मी काय केलं? माझ्यापाशीही मशीन होतं, आद्याक्षरं माझीही होती, आणि मीही बघतच राहिलो.

निरोप समारंभ झाला. हारतुरे झाले, भाषांतराचा भीष्म वगैरे बोलून झालं. दुसऱ्याच दिवशी त्याने चुकीची कबुली आणि वाक्याचं खरं मराठी, एवढाच कागद माझ्याकडून टाइप करून घेतला, ठसठशीत सही केली आणि आम्ही इस्त्रीच्या दुकानामागे गेलो. बाईंनी कागद घेतला. शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि मशीनच्या खणात टाकला.

“दादा गेल्या महिन्यात गेला,” त्या म्हणाल्या. “त्याआधी मी भेटायला गेले होते, हात हलवत. त्याने विचारलं, काय ग, बाबांचा कागद आणणार होतीस ना?”

बाईंनी सुई दिव्याकडे धरली, दोरा ओवला.

“तुम्ही लेट केलंत,” त्या म्हणाल्या आणि पाय पायट्यावर ठेवला.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. आम्ही दोघं तो पाठ करून आलो होतो.