पहिली मात्रा मोकळी

आखातात, अल् घुब्राच्या आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर दोघे जमैकन भाऊ राहायचे. इथे शाळेत इंग्रजी शिकवायला आलेले, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचा रेगे बँड. त्यांचा ड्रमर मायदेशी परतला तेव्हा थोरला थेट आमच्या दारात उभा राहिला. आमच्या घरच्या भजनातला माझा पखवाज त्याला वर ऐकू जायचा.

मी एसी दुरुस्त करणारा माणूस. व्हिसा अर्बाबचा, म्हणजे इथल्या अरब मालकाचा; दुसरीकडे काम करताना सापडलो तर थेट घरचं विमान. बायको म्हणाली, "कोणी बघल्यान तर खलास! चेडवाच्या शाळेचा काय करतलात?" भीती मलाही होतीच, तरी गेलो. हात शिवशिवत होते, दुसरं काय!

रेगेत पहिली मात्रा मोकळी सोडायची, ठोका तिसरीवर. आमच्या भजनात समेवर थाप पडली नाही तर बुवा डोळे वटारतो. सुरुवातीला थोरला माझं मनगट धरून बसायचा, पण जमलं. शहराबाहेर बरक्याच्या शेतांवरचे वाढदिवस, हॉटेलांतली दुपारची जेवणं. बँड चांगला चालला. मी मात्र प्रत्येक ठिकाणी आधी मागचा दरवाजा बघून ठेवायचो.

एका शुक्रवारी अल हैलला समुद्राकाठच्या हॉटेलात वाजवत होतो आणि माझा अर्बाब मुलाबाळांसह पुढच्याच टेबलावर येऊन बसला. टोपी डोळ्यांवर ओढली, पण हात कुठे ऐकतात? घाबरून ते जुन्या सवयीवर गेले, थाड थाड समेवर. धाकटा गाता गाता मागे वळला, तसे सगळेच माझ्याकडे बघायला लागले. अर्बाबसुद्धा.

जाताना तो एवढंच म्हणाला, "कल सुबह ऑफिस आना."

घरी येऊन सांगितलं, तर बायकोने कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या.

सकाळी त्याच्या केबिनमध्ये मी दाराशीच उभा राहिलो. कुठला एसी बंद आहे, कुठे गाडी पाठवायची, हे तो वाचत होता. वाचता वाचता त्याची बोटं टेबलावर चालली होती. पहिली मात्रा मोकळी, ठोका तिसरीवर. आदल्या दिवशी मला जमलं नव्हतं ते, अगदी बरोबर. मग वर बघून म्हणाला, "यल्ला, काम पे जाओ."

ती परवानगी होती की तंबी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी वर जाणं बंद केलं. भावांनी काही महिने मशीनच्या ठेक्यावर भागवलं, मग बँड मोडला आणि ते देश सोडून गेले. बॅगा परत कपाटावर गेल्या नाहीत, अजून पलंगाखालीच आहेत. केबिनमधून बोलावणं आलं की मी आधी त्याच्या बोटांकडे बघतो.