कडी किती उंचीवर आहे?

ताई कुठल्याही नव्या खोलीत शिरल्या की चष्मा नाकावर घट्ट बसवतात, गुडघे टेकतात आणि चारी हातापायांवर रांगत खोलीची एक फेरी मारतात. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, बाईंच्या कानातल्याची फिरकी पडली. तेही बिचारे वाकून शोधायला लागतात. ताई कुणाला समजावत बसत नाहीत. पलंगाखाली वर आलेला खिळा, भिंतीतलं सैल बटण, कपाटामागे विसरलेली उंदराची गोळी असं काहीबाही हाती लागलं की उठतात, गुडघे झटकतात आणि मग बाकीच्यांना आत बोलावतात.

ही सवय धंद्याची आहे. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ताई पाळणाघर चालवतात. रोज सकाळी पहिलं मूल यायच्या आत ही फेरी झाली पाहिजे म्हणजे झालीच पाहिजे, मग अंगात ताप असो नाहीतर घरात पाहुणे. गल्लीतले लोक हसतात. पण त्याच गल्लीतल्या आया आपलं मूल ताईंच्या हातात देतात आणि मागे वळून न बघता कामाला जातात. ज्यानं कधी आपलं मूल दुसऱ्याच्या हाती सोपवलंय, त्याला ही गोष्ट केवढी मोठी आहे ते सांगायला नको.

धाकटीला मात्र सुरुवातीला या रांगण्याची फार लाज वाटायची. धाकटी म्हणजे ताईंची जाऊ, शाळेत चित्रकला शिकवणारी. लग्नानंतर पहिल्यांदाच ताईंबरोबर कुणाकडे गेली, तेव्हा ताई त्या घरच्या सोफ्याखाली अर्ध्या शिरलेल्या बघून तिला कुठे तोंड लपवू असं झालं होतं. मग तिला जुळं झालं. मुलगा ढब्बू आणि मुलगी बाळी. दोघं चालायला लागली ती विरुद्ध दिशांना, आणि धाकटीची लाज कुठल्या कुठे पळाली. पहिल्यांदा ती स्वतः सोफ्याखाली शिरली तेव्हा ताईंनी नुसती मान डोलावली.

जुळ्यांनी दीड वर्षात तिच्या नाकी नऊ आणले होते. एक झोपला की दुसरी उठायची. बहुधा दोघांनी पाळ्या ठरवून घेतल्या असाव्यात. नोकरीवर बिनपगारी रजा. हातात ब्रश धरल्याला किती दिवस झाले ते तिनं मोजणंही सोडलं होतं. तिची इच्छा तरी काय, तर शहरात एक मोठं चित्रालय आहे, तिथली चित्रं ती वर्षानुवर्षं वर्गातल्या पोरांना पोस्टकार्डांवर दाखवत आली होती. ती एकदा खरी बघायची. तासभर, एकटीनं, कडेवर कुणी नसताना. नवरा वाईट नव्हता, पण त्याचं उत्तर ठरलेलं होतं, मुलं जरा मोठी होऊ दे. एक दिवस दूध उतू गेलं आणि धाकटी शेगडीपुढे बसून रडायला लागली, ती थांबेचना. ताई मागच्या दारानं आल्या, शेगडी बंद केली, ओटा पुसला आणि म्हणाल्या, की या सुट्टीत आपण सगळे शहरात जाऊ. दोघी जावांना एकेक दुपार सुट्टी, माझी दोन आणि तुझी दोन अशी चारी मुलं दुसरीकडे. खोली शोधायचं काम माझं.

आता चार मोठी आणि चार लहान माणसं, त्यात दोन दीड वर्षांची. दोन भावांचे खिसे उलटे केले तरी त्यातून चांगलं हॉटेल पडणार नव्हतं. ताई रोज दुपारी मुलं झोपली की फोन घेऊन बसायच्या. एका लॉजवाल्यानं मुलांचे वेगळे पैसे सांगितले, तेही मोठ्यांइतकेच. दुसऱ्यानं विचारलं, मुलं शांत असतात ना? ताई म्हणाल्या, आजारी असली की असतात. त्यानं फोन ठेवला. तिसऱ्याची खोली स्वस्त होती, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीला गज नाहीत. जिन्याच्या कठड्यातून मुलाचं डोकं जाईल का, असं ताईंनी विचारल्यावर तो वैतागला, की बाई, तुम्हाला राहायचंय का इमारत पास करायचीय? शहरातल्या नातेवाइकांकडे तर त्याच आठवड्यात अचानक पाहुण्यांची झुंबड उडाली. ताईंनी कुणाला नावं ठेवली नाहीत. पुढचा नंबर फिरवला.

शेवटी पाळणाघरातल्या एका मुलाच्या आईनं, ती बसवर कंडक्टर होती, एका जागेचा नंबर आणून दिला. सुट्टीत तिथल्या खोल्या कुटुंबांना स्वस्तात देतात, एवढंच तिला माहीत होतं. फोनवर एक शांत आवाजाची बाई आली. ताईंनी पहिलाच प्रश्न टाकला, दाराची कडी किती उंचीवर आहे? मोठ्यांचाच हात पोचेल अशी, बाई म्हणाली. खिडक्यांचे गज? मधून मूठ जात नाही. गरम पाण्याचा नळ? तो वेगळा, कुलपात. जिना? जिनाच नाही. टेबलांचे कोपरे? गोल करून घेतलेत. ताईंचा जीव भांड्यात पडला. भाडं तर लॉजच्या निम्मंही नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पाच दिवसांची खोली पक्की केली आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, की जगात कुणीतरी डोकं वापरून जागा बांधलीय.

मोठ्यांबद्दल मात्र त्यांनी एक अक्षरही विचारलं नव्हतं. घरात कुणाला विचारावंसं वाटलंही नाही, कारण मुलांचं जुळलं की सगळं जुळलं अशीच त्या घराची रीत पडून गेली होती.

पोचल्यावर शांत आवाजाच्या बाईनं दार उघडून दिलं. ताई सवयीनं खाली बसल्या, रांगत निघाल्या, आणि अर्ध्या वाटेवर थांबल्या. खिळा नाही, बटण नाही, धूळसुद्धा नाही. मान वर केली तर पलंगाची कड त्यांच्या हनुवटीशी. पलंग आठ होते, ओळीनं, आणि प्रत्येक पलंग जेमतेम चार फूट लांब. भिंतीला बेसिन होतं ते मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागत होतं. खुर्च्या वीतभर उंचीच्या. आरसा असा, की त्यात धाकटीला स्वतःचं पोट तेवढं दिसलं.

ते लहान मुलांचं वसतिगृह होतं. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या लोकांची चार ते सात वर्षांची मुलं तिथे राहायची, सुट्टीत घरी जायची. बाई गोंधळून म्हणाली, तुम्ही फोनवर सगळं मुलांचंच विचारत होतात, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.

ताई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. त्यांचा चेहरा असा पडलेला धाकटीनं कधी पाहिला नव्हता. भाऊजी, म्हणजे ताईंचा नवरा, वजनकाट्यावर काम करतात आणि दारातून वाकून आत येतात एवढे उंच आहेत. ते एका पलंगावर आडवे झाले. गुडघ्यापासून पुढचा सगळा माणूस बाहेर लोंबत होता. "निम्मं भाडं का ते कळलं," ते म्हणाले, "माणूसही निम्माच मावतो." हसू कुणालाच आवरलं नाही, ताईंना सोडून. धाकटीच्या नवऱ्याला मात्र राग आला होता. प्रवासानं सगळे आंबले होते. वहिनी, तुम्ही एकदा विचारायला हवं होतं, असं म्हणून तो बॅगा उचलायला लागला. आत्ताच्या आत्ता दुसरा लॉज बघायचा, पैसे जातील तर जाऊ देत.

ताई उठल्या. चुकलं माझं, चला, एवढंच म्हणाल्या.

धाकटी हलली नाही. ती बेसिनकडे बघत होती. ढब्बू तिथे जाऊन उभा राहिला होता. नळ त्याच्या छातीशी होता. त्यानं तो फिरवला, पाणी आलं, त्यानं हात धुतले आणि परत फिरवला. दीड वर्षात पहिल्यांदा त्या पोराला हात धुवायला कुणी उचललं नव्हतं. बाळी एका पलंगावर चढली, उतरली, परत चढली, आणि पडली नाही. ताईंची सात वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा कपाटातून आपापली पांघरुणं काढून घेत होते. चारी मुलं खोलीत होती आणि कुणीही कुणाला हाक मारत नव्हतं. धाकटीच्या दोन्ही कडा रिकाम्या होत्या. तिला ते आधी कळलंच नाही, नुसतं हलकं हलकं वाटलं.

"मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला लॉजवर जायचं तर जा. मी आणि मुलं इथे राहतो."

नवऱ्यानं भावाकडे पाहिलं. भाऊजींनी लोंबते पाय आवरून घेतले आणि दोन पलंग टोकाला टोक लावून जोडले.

मग ते पाच दिवस मोठ्यांनी वाकून काढले. भाऊजी दाढी करायला बेसिनपुढे गुडघे टेकायचे, धाकटीचा नवरा चहा घ्यायला वीतभर खुर्चीवर बसला की त्याला उठवायला दोघे लागायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा राग हसण्यात गेला. मुलं मात्र राजासारखी राहिली. आणि ताई? त्यांचा चेहरा काही पूर्ववत झाला नव्हता. येताजाता सगळ्यांच्या पाठी कशा आहेत ते विचारत होत्या. आपली चूक दुसऱ्याच्या सोयीची निघाली, तरी ताईंच्या हिशेबी ती चूकच.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धाकटीला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. तू जा, चौघं माझ्याकडे. उद्याची दुपार ताईंची होती, आणि ती कशी घालवायची तेही ठरलेलं होतं. त्यांना एक सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा होता, मध्ये कुणाला शू न लागता. त्यांच्या आणि भाऊजींच्या महिनाभर त्याच्याच गप्पा चालल्या होत्या.

धाकटी चित्रालयात पोचली. आत गार होतं, कुणी बोलत नव्हतं. पहिल्याच दालनात तिचं आवडतं चित्र होतं, वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी. पोस्टकार्डावर तळहाताएवढी, इथे भिंतभर. ती समोरच्या बाकावर टेकली. जरा श्वास घेऊ, मग नीट बघू, असं तिनं मनाशी म्हटलं.

पहारेकऱ्यानं खांदा हलवला तेव्हा दिवे मालवायला सुरुवात झाली होती. बाई, बंद करायची वेळ झाली, तो हलक्या आवाजात म्हणाला. तो बराच वेळ तिच्या बाकाशीच उभा असावा, कुणी तिला धक्का देऊ नये म्हणून.

परत येताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. एवढ्या लांब येऊन, एवढ्या माणसांना वाकायला लावून, तिनं काय केलं, तर झोप काढली. ताई दारातच उभ्या होत्या, बाळी त्यांच्या पायाला धरून. कशी होती चित्रं, त्यांनी विचारलं. धाकटीला खोटं बोलता आलं नाही.

"बघितलीच नाहीत. बाकावर बसले आणि झोपले. बंद होईपर्यंत."

ताई हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या गालावर उमटलेला पर्सच्या पट्ट्याचा वळ बघितला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"बरं झालं. झोप झाली," त्या म्हणाल्या. "चित्रं उद्या बघ."

"उद्या तुमची पाळी आहे, ताई."

"मी त्या सिनेमात झोपणारच आहे. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?"

धाकटीनं वाद घालून पाहिला. ताईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं त्या घराला आठवत नाही. भाऊजींनी पलीकडून मान हलवली, जा तू म्हणून.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाकाच्या वाटेला गेलीच नाही. होडीच्या इतकी जवळ गेली, की कालच्याच पहारेकऱ्याला तिला मागे सरकायला सांगावं लागलं. वाळू पिवळी नव्हती, त्यात जांभळा होता, हिरवा होता, आणि रंग जाड थापलेला होता, मायेनं थापावा तसा. पोस्टकार्डानं इतकी वर्षं तिला हे सांगितलंच नव्हतं. ती त्या एका दालनातून पुढे गेली नाही.

संध्याकाळी ताईंनी तिला समोर बसवलं आणि सांग म्हणाल्या. धाकटी सांगायला लागली, वर्गात सांगायची तसं, हातवारे करत, वाळूतल्या जांभळ्यापासून. ताई वीतभर खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. बाहेर दोघे भाऊ चारी मुलांना खेळवत होते, एकदा कुणीतरी रडलंही. ताईंनी दाराकडे पाहिलं नाही. पुढे सांग, त्या म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत जागच्या उठल्या नाहीत.